पंगतीतला तेरावा पाव

इप्पात्सिया वाईट बातमी आणते तेव्हा सोबत गोड आणते, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. फेब्रुवारीतल्या एका दुपारी ती मधात घोळवलेल्या तळणीचं ताट घेऊन अंगणात शिरली, तेव्हा कोझिमाने हातातली फुलकोबी खाली ठेवली आणि मनात म्हणाली, चला, आता ऐकून घ्या.

इप्पात्सिया आधी स्वतःच्या गुडघ्यांबद्दल बोलली. मग रोग पडून वाळलेल्या जैतुनाच्या झाडांबद्दल बोलली. आता लाकूडफाट्याला तोटा नाही, तेल मात्र बाजारातून आणावं लागतं, असं दरवर्षीचं रडगाणं गाऊन झालं आणि मग ती मुद्द्यावर आली. एकोणीस मार्चला संत योसेफाची पंगत यंदा तिच्या घरी होती. दोन वर्षांपूर्वी तिचा मुलगा रोक्को परांचीवरून पडला, तीन महिने अंथरुणाला खिळून होता, आणि तेव्हा तिने नवस बोलला होता की पोरगा चालायला लागला तर तेरा संत जेवू घालीन. पोरगा चालायला लागला, इतकंच नाही तर मोटारसायकलही उडवायला लागला. आता तेरा संत बसवायचे, म्हणजे गावातलीच तेरा माणसं. त्यात योसेफाची बायको मरिया, तिच्या जागी बिनलग्नाची मुलगी बसते. सप्टेंबरात इप्पात्सिया स्वतः येऊन ती जागा नोएमीला देऊन गेली होती. नोएमी म्हणजे कोझिमाची नात, सोळा वर्षांची, एकुलती एक. घरात त्या दिवशी सगळ्यांचे पाय जमिनीवर नव्हते.

मग नोव्हेंबरात डॉक्टरांनी निदान केलं की नोएमीला गहू सोसत नाही. कमी खाऊन भागणार नव्हतं. आयुष्यभर गव्हाचा कणसुद्धा पोटात जाता कामा नये, असं त्यांनी बजावलं.

आणि योसेफाच्या पंगतीत तर पावावरच सगळं असतं. प्रत्येक संतापुढे बैलगाडीच्या चाकासारखा, मधे भोक असलेला पाच किलोचा पाव. योसेफ झालेला माणूस आपला पाव फोडतो, पहिला तुकडा मरियेला देतो, ती खाते, आणि मग पंगत सुरू होते. ती खात नाही तोवर कोणी चमचा उचलत नाही.

"पोरीला त्रास होऊ नये, एवढंच माझं म्हणणं," इप्पात्सिया म्हणाली. "योसेफाने दिलेला तुकडा तिने नुसता ओठाला लावायचा आणि ओढणीखाली सरकवायचा. कोण बघतंय?"

"ओठाला लावलेला चालत नाही."

"कणभर गं."

"कणभरच चालत नाही, इप्पात्सिया. तोच तर आजार आहे."

इप्पात्सियाने ताटावरचं फडकं उगाच सारखं केलं. "मग राग मानू नकोस, पण मी दुसरी मुलगी बघते. ज्याला पंगतीचा पाव चालत नाही त्याला पंगतीला बसवून करायचं काय? माझा नवस आहे. रोक्को अजून जिना उतरताना कठडा धरतो. त्यात खोट राहायला नको."

ती दुष्टपणाने बोलत नव्हती. ती घाबरली होती, आणि घाबरलेल्या माणसाशी भांडणं जास्त अवघड असतं. पण स्वयंपाकघराचं दार अर्धं उघडं होतं आणि त्याच्यामागे नोएमी उभी होती, हे कोझिमाला ठाऊक होतं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"नोएमीच बसेल," ती म्हणाली. "आणि पाव खाईल. सगळ्यांच्या देखत."

"कसला पाव?"

"मी करीन तो. आणि हे ताट घेऊन जा. आमच्या घरात असलं कोणी खात नाही."

हे काही खरं नव्हतं. असलं सगळं कोझिमा आदल्या दिवसापर्यंत न्हाणीघरात दार लावून खात होती. पण बोलून गेली खरी, आणि ताट गेलं.

नोएमी बाहेर आली ती फणकारतच. तिने विचारलं, तुला हे सांगायला कोणी सांगितलं होतं? चुलतबहिणीच्या लग्नात तिचा वेगळा डबा होता, शाळेच्या सहलीत वेगळा डबा होता, वाढदिवसाला मैत्रिणी केक कापायच्या तेव्हा ती कोपऱ्यात बसून संत्रं सोलायची. ते तिने सगळं गिळलं होतं.

"आता देवाच्या पंगतीतही डबाच ना?" ती म्हणाली.

"डबा नाही. पाव. चाकाएवढा."

"आजी, तुला येतो का तो?"

हा प्रश्न कोझिमाला आयुष्यात पहिल्यांदा कोणी विचारत होतं. अडतीस वर्षं गावात पंगत कोणाच्याही घरी असो, पाव तिच्या भट्टीतून जायचे. गव्हाशिवाय मात्र तो तिला येत नव्हता.

गव्हाशिवायचं पीठ घरात तीन महिन्यांपासून होतं. औषधांच्या दुकानातून यायचं, नोएमीच्या नावाच्या सरकारी कुपनावर, पांढऱ्या पाकिटात, तयार मिसळलेलं. सून मारिलेना दर रविवारी त्यात पाणी घालून लहान साच्यात पाव करायची. कोझिमा त्यांना विटा म्हणायची. सुनेच्या तोंडावर नाही, पण तिच्या कानावर जाईल इतपत मोठ्याने. त्या पाकिटाला तिने अजून बोट लावलं नव्हतं. त्या रविवारी तिने चष्मा लावला आणि मागची बारीक अक्षरं वाचली. मक्याचं सत्त्व, तांदळाचं पीठ, बटाट्याचं सत्त्व, इसबगोलाची भुशी.

"इसबगोल? हे खायला आहे की पोट साफ करायला?"

"ते नसेल तर पीठ धरून राहत नाही, आई," मारिलेना म्हणाली.

"माझं पीठ मी सांगते म्हणून धरून राहतं."

हे पीठ मात्र कोणाचं ऐकत नव्हतं. कोझिमाने पाटावर घेतलं तर ते चुन्यासारखं पसरलं. तिने मळलं, तर बोटांना चिकटून वर आलं. कडं वळलं, तर पाच मिनिटांत त्याची थाळी झाली. मुलगा डोनातो म्हणाला की भिंतीला लावून बघ, छान बसेल, आणि नोएमी कितीतरी दिवसांनी हसली. कोझिमाने पाकिटाला शिव्या घातल्या, मक्याला घातल्या, औषधांच्या दुकानदाराच्या वाडवडिलांना घातल्या. नाचता येईना अंगण वाकडं, असं मारिलेना म्हणाली असती, पण ती शहाणी बाई होती, म्हणून नुसती भांडी विसळत राहिली.

तीन रविवार असे गेले. थाळ्या झाल्या, दगड झाले, एकदा मधोमध कच्चा चिखल राहिला. इकडे मार्च लागला. आणि मग कोझिमाने जे केलं ते आमच्या गावातल्या कोणत्याही बाईने केलं असतं, आणि म्हणूनच ते करायला नको होतं.

तिच्याकडे सासूच्या हातचं खमीर होतं. मातीच्या बोळक्यात, ओल्या फडक्याखाली. दर दोन दिवसांनी त्याला मूठभर गव्हाचं पीठ चारायचं की ते फुगून वर यायचं. अर्ध्या आळीत तेच खमीर होतं. लेक सासरी निघाली की गोळाभर बांधून द्यायची रीत. कोझिमाच्या मनात ते गव्हात मोडतच नव्हतं. गहू म्हणजे पोत्यातला. खमीर म्हणजे खमीर, जीव असलेली वस्तू. पाव उभा राहतो तो त्याच्यामुळे. मंगळवारी सगळे बाहेर गेल्यावर तिने पाकिटाच्या पिठात अक्रोडाएवढा गोळा घातला, पाव मारिलेनाच्या लहान साच्यात टाकला आणि साच्यावर गुपचूप क्रॉसची खूण केली.

पाव उभा राहिला. वर छान तडकला, खालून वाजवला तर पोकळ वाजला. नोएमी शाळेतून आली, तिने दोन तुकडे जैतुनाच्या तेलात बुडवून खाल्ले आणि म्हणाली, आजी, हा खरा लागतो. कोझिमाला त्या क्षणी स्वर्ग दोन बोटं उरला होता.

रात्र उलटायच्या आत पोरगी पोट धरून तळमळत होती. दोन दिवस तिच्या पोटात पाणीसुद्धा ठरलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मारिलेना हातात पाकीट आणि गाडीची किल्ली घेऊन उभी राहिली, दुकानदाराला जाब विचारायला. हे पीठ भेसळीचं आहे, मी तक्रार करणार, असं ती म्हणत होती. कोझिमाने नुसतं गप्प राहायचं होतं. पाकिटावर बिल फाडून मोकळं होता आलं असतं.

"पाकिटाला दोष देऊ नकोस," ती म्हणाली. "मी त्यात खमीर घातलं."

डोनातो ओरडला. आईवर तो जन्मात ओरडला नव्हता. मारिलेनाने किल्ली टेबलावर ठेवली आणि उरलेला पाव उचलून कचऱ्यात टाकला, ते जास्त लागलं. नोएमी पलंगावरून ऐकत होती. ती ओरडली नाही, रडलीही नाही.

"विचारलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं," ती म्हणाली. "म्हणून विचारलं नाहीस."

ते शब्दशः खरं होतं.

"मी पंगतीला बसणार नाही, आजी. आणि तुझ्या हातचं आता काही खाणार नाही. पाणीसुद्धा मी माझं घेईन."

कोझिमाला लाज वाटली. साधी, अंगभर लाज, लहानपणी चोरी पकडल्यावर वाटते तशी. दोन दिवस तिने भट्टी पेटवली नाही. लोक पाव मागायला आले तर दारातून परत पाठवले. पण सत्तर वर्षांचा तो स्वभाव नुसता लाजून बसणारा नव्हता. दुसऱ्या दिवसाच्या संध्याकाळपर्यंत लाजेचा राग झाला. तो राग इप्पात्सियावर नव्हता, पाकिटावर नव्हता. आपल्या घरात आपल्याच नातीला जेवायची भीती वाटावी, याच्यावर होता. शनिवारी सकाळी ती उठली, हातगाडी काढली आणि तिच्यावर एकेक वस्तू चढवायला लागली. पिठाची तीन पोती. मळायचा लाकडी पाट. चाळण्या, फडकी, लाकडी परात. सगळ्यांवर खमिराचं बोळकं. ती गाडी ढकलत भर चौकातून इप्पात्सियाच्या दारात गेली. चौकात बाकांवर बसलेल्या म्हाताऱ्यांनी पत्ते खाली ठेवले.

"हे घे," ती म्हणाली. "यंदाचे बारा पाव तू कर."

इप्पात्सियाला आधी कळलंच नाही. मग तिची नजर बोळक्यावर गेली. "तुझ्या सासूचं खमीर? कोझिमा, वेड लागलंय का तुला? अडतीस वर्षं गाव तुझ्या हातचा पाव खातंय."

"खाल्ला ना अडतीस वर्षं. पुरे झाला. आजपासून माझ्या उंबऱ्याच्या आत गहू येणार नाही."

"एका मुलीसाठी?"

"मग किती मुलींसाठी सोडायचा असतो, ते सांग. तेवढ्या नाती करायला सांगते डोनातोला."

बाकांवरचे म्हातारे हसले. इप्पात्सियाने गाडी आत ओढून घेतली आणि दारातूनच विचारलं की आणि तेरावा पाव?

"तेरावा येईल."

कोझिमाने हे मोठ्या तोंडाने सांगितलं तेव्हा तिच्याकडे तेरावा पाव नव्हता, तो कसा करायचा ते ठाऊक नव्हतं, आणि तो जिने खायचा होता ती पोरगी तिच्याशी बोलत नव्हती.

ती घासायला लागली. आधी स्वयंपाकघराच्या फळ्या, मग भिंती, मग विजेच्या ओव्हनच्या आतली जाळी, दाराच्या फटी, टेबलाचे पाय. अडतीस वर्षांचं पीठ कुठे कुठे बसलेलं असतं ते घासल्याशिवाय कळत नाही. गावात कुजबुज झाली की कोझिमाचं घर सोवळ्यात गेलं, आता आत जायचं तर अंघोळ करून जावं लागेल. मारिलेना शाळेतल्या कामावरून सुटल्यावर न बोलावता आली आणि शेजारी बसून फरशी घासायला लागली. त्या दोघी काही बोलल्या नाहीत. सासू-सुनेचं त्याहून चांगलं बोलणं मी तरी ऐकलेलं नाही.

नोएमी तीन दिवस दारात येऊन उभी राहायची, बघायची, निघून जायची. चौथ्या दिवशी ती आत आली.

"तुझा ॲप्रन," ती म्हणाली.

कोझिमाने खाली पाहिलं. खिशाच्या शिवणीत पिवळट पिठाची रेघ होती. तिने ॲप्रन काढून नोएमीच्या हातात दिला. नोएमीने तो दोन बोटांत धरून अंगणात नेला, भट्टीत टाकला आणि काडी लावली. मग परत येऊन हात धुतले, कोपरापर्यंत, आणि नवं पाकीट स्वतः फोडलं.

"मी सांगेन तसं," ती म्हणाली. "प्रत्येक वेळी विचारायचं."

"विचारीन."

"आधी विचारायचं. नंतर नाही."

"आधी विचारीन."

आणि कोझिमा विचारू लागली. पाणी घालू? घाल. कोमट आहे, बोट बुडवून बघ. मीठ? चमचा सपाट कर, असा डोंगर नको. ज्या बाईला अख्खं गाव मिठाचं प्रमाण विचारायचं ती सोळा वर्षांच्या पोरीकडे चमचा धरून उभी होती. डोनातो दारात उभा राहून मजा बघत होता, तर नोएमीने त्यालाही कामाला लावलं. त्याचा पत्र्याचा धंदा. झाडं जिवंत होती तेव्हा तो तेलाचे डबे करायचा, आता घरांची पन्हाळी करतो. नोएमीने त्याला ओव्हनचं माप दिलं आणि मधे नळकांडं असलेला मोठा गोल साचा मागितला. हे पीठ स्वतःच्या पायावर उभं राहत नाही, तर चाकाएवढ्या पावालाही लहान पावासारखी साच्याची भिंत द्यायची. इतकी साधी गोष्ट, पण ती सुचायला कोझिमाचे हात आडवे येत होते. तिच्या हातांना पीठ वळायचंच असायचं.

पहिला पाव साच्याला चिकटला. दुसरा बाहेरून करपला आणि आतून लगदा. मारिलेनाने पाणी वजनकाट्यावर मोजायला सुरुवात केली आणि वहीत लिहायला लागली. तिसरा कोझिमाच्या घाईने बिघडला, तो गरम असताना तिने उपडा केला. नोएमी म्हणाली, विचारलं नाहीस. कोझिमा म्हणाली, चुकलं. हा शब्द त्या घरात तिच्या तोंडून कोणी ऐकला नव्हता. डोनातो पुढे आठवडाभर तो सगळ्यांना सांगत हिंडला.

अठरा मार्चच्या सकाळी चौथा पाव आत गेला. आच कमी, वरून ॲल्युमिनियमचा चमचमता कागद, सव्वादोन तास. चौघंही काचेसमोर खुर्च्या टाकून बसले. मधेच कोझिमाने विचारलं, आत टाकण्याआधी वर क्रॉस कापायला हवा होता का? नोएमी म्हणाली, कापलाय मी. पाव बाहेर आला तो रंगाने मातकट, उंचीने बेताचा, एका बाजूला भेग पडलेला. साडेतीन किलो भरला. पाच नाही. कोझिमाने तो खालून वाजवून पाहिला.

"याला गावात कोणी पाव म्हणणार नाही," ती म्हणाली.

"मग?" नोएमी म्हणाली.

"मग काही नाही. मी आपलं आधीच सांगून ठेवते. तू बसशील?"

नोएमीने भेगेवरून बोट फिरवलं. "मी केलाय तो," ती म्हणाली. "बसेन की."

योसेफाच्या दिवशी पंगतीच्या घराचं दार कोणाला बंद करता येत नाही. कोणी काही घेऊन आलं तर परत पाठवता येत नाही. त्यामुळे इप्पात्सियाने तेरावा पाव ठेवून घेतला, पण ठेवला तो मोठ्या शेपूच्या जुडीमागे, संत्र्यांच्या ढिगाआड. नोएमी निळी ओढणी घेऊन आली तशी इप्पात्सियाने तिच्या कानात सांगितलं की तुकडा ओठाला लाव फक्त, बाळ, पुढचं मी बघते. नोएमीने मान हलवली. ही मान होकाराची की नकाराची, हे इप्पात्सियाला कळलं नाही. आपल्याला हवं तेच कळतं माणसाला.

भर दुपारी पंगत बसली. खोलीत, जिन्यात, खिडकीबाहेर माणसंच माणसं. कोझिमा भिंतीला टेकून उभी होती. अडतीस वर्षांत पहिल्यांदा टेबलावर तिच्या भट्टीतला एकही पाव नव्हता, आणि लोक तिच्याकडे बघून न बघितल्यासारखं करत होते. योसेफाच्या खुर्चीत व्हितो मेस्त्री होता. ऐंशी वर्षांचा, उभ्या आयुष्यात दगडच घडवलेला, हातात लांब काठी. काठी जमिनीवर आपटली की सगळ्यांनी हातातलं ठेवायचं आणि पुढच्या पदार्थाकडे वळायचं. त्या दिवशी त्याच्या काठीपुढे यजमानीणसुद्धा काही बोलू शकत नाही.

पाद्रीबाबांनी आशीर्वाद दिला. व्हितो मेस्त्रीने आपला गव्हाचा पाव फोडला. कवच करकरलं, पीठ उडालं. पहिला तुकडा त्याने उजवीकडे धरला.

नोएमीने हात मांडीवरून उचलले नाहीत.

तो धरून राहिला. खिडकीबाहेरची पोरं टाचा उंचावून बघायला लागली. इप्पात्सियाचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला. कोझिमाला पुढे व्हावंसं वाटलं, ओरडावंसं वाटलं, पोरीला खुर्चीसकट उचलून घरी न्यावंसं वाटलं. पण तिला कोणी विचारलं नव्हतं. ती भिंतीला पाठ दाबून उभी राहिली.

नोएमीने शेपूची जुडी बाजूला केली, संत्री सारली, आणि आपला मातकट पाव ओढून व्हितो मेस्त्रीपुढे ठेवला.

"मेस्त्री, हा फोडा," ती म्हणाली. आवाज शेवटच्या भिंतीपर्यंत ऐकू गेला. "आणि आधी हात धुवा."

पंगतीत मरिया बोलत नाही. निदान आजवर बोलली नव्हती. व्हितो मेस्त्रीने आपल्या पांढऱ्या हातांकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं. मग गव्हाचा तुकडा खाली ठेवला आणि काठी आपटली.

"पाणी आणा," तो म्हणाला. "घरच्या बाईने सांगितलेलं ऐकलं नाही तर योसेफ आज जाईल कुठे?"

कोणीतरी हसलं. काठी आपटली म्हणजे ऐकावंच लागतं, आणि पाणी आणायचं ते घरच्या यजमानणीनं. इप्पात्सिया आत गेली, तांब्या आणि घंगाळ घेऊन आली.

"साबणही," नोएमी म्हणाली.

इप्पात्सिया साबण घेऊन आली. तिने साऱ्या गावासमोर मेस्त्रीच्या हातांवर पाणी ओतलं. त्याने एकेक बोट धुतलं, कोरं फडकं मागून घेतलं, पुसलं, आणि तेरावा पाव फोडला. तो करकरला नाही, मऊ फुटला. पहिला तुकडा त्याने मरियेला दिला, आणि मरियेने खाल्ला.

कोझिमा तिच्या जबड्याकडे बघत राहिली. एक, दोन, तीन. गिळलं. आणि तेव्हा तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते तिने पुसलं नाही. बघू दे सगळ्यांना.

मेस्त्रीने दुसरा तुकडा स्वतः खाल्ला. बराच वेळ चावला, दातही कमी होते. मग त्याच पावाचे तुकडे त्याने अकरा संतांना दिले, आणि काठी आपटून पंगत सुरू केली. गहू ज्याला चालतो त्याला हाही चालतो, एवढं त्याला पाद्रीबाबांना न विचारता कळलं होतं. खिडकीबाहेरून कोणीतरी म्हणालं, आम्हालाही द्या ना, कसा लागतो बघू. पंगतीचा पाव मागितला की नाही म्हणायची रीत नाही. तुकडे हातोहात बाहेर गेले. रोक्को जिन्यावरून कठडा धरून खाली आला आणि दोनदा घेऊन गेला. त्याच्या आईने ते पाहिलं.

जेवणं उरकली तसे संत आपापला पाव टोपलीत घालून घरी निघाले, रीतीप्रमाणे. नोएमीपुढे नुसता चुरा उरला होता. इप्पात्सिया टेबल आवरत होती. तिने तो चुरा बोटाने टिपला, तोंडात टाकला आणि कोझिमाकडे वळली.

"हा काही पाव नव्हे, कोझिमा."

"नसू दे," कोझिमा म्हणाली. "पण संपला."

इप्पात्सियाने काही वेळ घंगाळ पुसलं. मग म्हणाली, रोक्कोला आवडला म्हणे, त्याला काय आवडत नाही. आणि खमिराचं बोळकं परत हवं असेल तर सांग. कोझिमा म्हणाली, तूच सांभाळ, दर दोन दिवसांनी त्याला मूठभर लागतं.

आजी-नात बाहेर पडल्या तेव्हा नोएमीने ओढणी गळ्यात घेतली होती. शेवया, पिठात घोळवलेले मासे, तळलेलं, मधाचं, कशालाही तिला हात लावता आला नव्हता. दिवसभरात एक संत्रं आणि एक तुकडा पाव.

"आजी, भूक लागलीये," ती म्हणाली. "घरी गेल्यावर तू काहीतरी करून घाल."

कोझिमा चौकाच्या मधोमध थांबली.

"काय करू?" तिने विचारलं. "आणि त्यात काय काय घालू, ते सगळं आधी सांग."

नोएमीने रस्ताभर सांगितलं, आणि कोझिमाने एकेक पदार्थ मोठ्याने परत म्हणून दाखवला. बाकांवर बसलेल्या म्हाताऱ्यांनाही तो ऐकू गेला.